पार्सल नोव्हेंबरात, फोन २६ तारखेला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की परदेशी मिशनवर असलेल्या फादर, सिस्टर आणि तरुण धर्मसेवकांबद्दल थोडेफार छापून येते. त्यात सूर बहुधा एकच असतो: घरापासून दूर, एकटे, बिचारे. तो खोटा आहे असे नाही, पण त्यातून घरच्या माणसांच्या हाती काहीच लागत नाही. २४ तारखेच्या रात्री एकामागून एक फोन, १५ डिसेंबरला टपालात टाकलेले खोके आणि "या नाताळाला तरी घरी ये" हा हट्ट. तिन्ही गोष्टी मायेपोटी होतात आणि तिन्हींचा ताप मिशनवरच्या माणसाला होतो. ज्यांचे कोणी परदेशी सेवेत आहे त्यांना, आणि नाताळासाठी मिशनला वस्तू गोळा करून पाठवणाऱ्या धर्मग्रामांना (एका चर्चला जोडलेल्या भाविकांच्या समाजांना) कामी येईल, तेवढेच इथे लिहीत आहोत.

आधी हे ध्यानात घ्यायला हवे की नाताळ हा मिशनऱ्याचा सुटीचा दिवस नसतो. वर्षातले सर्वांत जास्त काम त्या दोन दिवसांत असते. कॅथलिक फादरांचेच पाहा. चर्चच्या कायद्याप्रमाणे पुरोहिताने दिवसाला एकच मिस्सा (ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे पवित्र भाकरीची उपासना) अर्पण करायची असते, जास्तीसाठी कारण आणि परवानगी लागते. नाताळाला मात्र प्रत्येक पुरोहिताला तीन मिस्सांची मुभा आहे: रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची, ज्या त्या वेळी. २४ च्या संध्याकाळची जागरणाची मिस्सा आणखी वेगळी. एका फादरकडे आठ-दहा उपकेंद्रे असतील तर या मिस्सा वेगवेगळ्या गावांत होतात, आणि मधल्या वेळात वाट तुडवायची असते. त्याआधीचा आठवडा पापनिवेदने ऐकण्यात, गायनाच्या सरावात आणि आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद पोहोचवण्यात जातो. सिस्टरांचा दवाखाना किंवा वसतिगृह असेल तर बाळंतपणे नाताळ बघून थांबत नाहीत.

"घरी ये" या हट्टाचे उत्तरही इथेच आहे. धर्मग्रामाचा प्रमुख असलेल्या फादरला वर्षात एक महिना रजा मिळते, आठवड्याहून जास्त बाहेर राहायचे तर बिशपांना कळवावे लागते, आणि दर रविवारी व सणाच्या दिवशी आपल्या लोकांसाठी मिस्सा अर्पण करणे त्याच्यावर बंधनकारक असते. नाताळाला तो तिथून हलूच शकत नाही. शिवाय व्हिसाचा प्रश्न आहेच. निवासी परवान्याचे नूतनीकरण चालू असताना देश सोडला तर परत जाण्याची वाट बंद होऊ शकते. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर गेलेल्याचेही तेच. भेटीचा बेत फेब्रुवारीनंतरचा ठेवावा, आणि तिकीट काढण्याआधी परतीच्या प्रवेशाचा कागद हातात आहे ना, हे विचारावे.

पहिल्याच वर्षी गेलेल्या फादरांसाठी एक सूचना, जी त्यांच्या वरिष्ठांनीही मनावर घ्यावी. नाताळाच्या चार मिस्सांची शुभवर्तमाने, म्हणजे त्यात वाचायचे येशूचरित्रातले उतारे, वेगवेगळी आहेत. जागरणाला मत्तयची वंशावळ आहे, म्हणजे परक्या भाषेत एकामागून एक चाळीसेक नावे. रात्रीला लूकमधली जन्मकथा, पहाटेला मेंढपाळांच्या सहा ओव्या (बायबलमधली वचने), दिवसाला योहानाचा आरंभ, ज्याची वाक्ये सोपी पण अर्थ खोल. भाषा शिकून जेमतेम वर्ष झालेल्याला पहाटेची मिस्सा द्यावी. उतारा लहान, गोष्ट ओळखीची, आणि "चला, बेथलेहेमला जाऊ या" या शब्दांवर साधे पाच मिनिटांचे प्रवचन करता येते. जागरणाची मिस्सा वाट्याला आलीच तर वंशावळ गाळून अठराव्या ओवीपासून वाचण्याची मुभा मिस्सेच्या वाचनग्रंथातच दिलेली आहे. ती वापरण्यात कमीपणा नाही. उच्चार चुकला की समोरची मुले हसतात, आणि त्या हसण्याने नवा माणूस पुढचे प्रवचन घाईघाईने उरकतो, हे टाळता येण्याजोगे आहे. खाण्याचेही तसेच. ख्रिस्तप्रसादाआधी एक तासाचा उपवास असतो, पण दोन-तीन मिस्सा अर्पण करणाऱ्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या मिस्सेआधी तासाभराच्या आतही काही खाण्याची सूट आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी ती अवश्य घ्यावी. उपाशीपोटी रात्रभर गाडी चालवणे ही भक्ती नव्हे.

आता तारखांकडे वळू. सगळीकडे नाताळ २५ डिसेंबरलाच असतो हे गृहीत धरू नये. जुनी जुलियन दिनदर्शिका सध्या आपल्या नेहमीच्या दिनदर्शिकेच्या १३ दिवस मागे आहे, त्यामुळे रशिया, सर्बिया, जॉर्जिया इथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचा नाताळ ७ जानेवारीला येतो. इथियोपियातही ७ जानेवारीच. आर्मेनियन चर्चचा ६ जानेवारीला. युक्रेनने २०२३ पासून २५ डिसेंबर धरला. इथियोपियातल्या ऑर्थोडॉक्स लोकांचा नाताळापूर्वी ४३ दिवसांचा उपवास असतो आणि त्यात मांस, दूध, अंडी काही चालत नाही. तिथल्या सिस्टरला २० डिसेंबरला लोणी-अंड्याचा केक मिळाला, तर शेजारणीला तो देता येत नाही आणि तिच्यासमोर खाताही येत नाही. तेच खोके जानेवारीत पोहोचले तर सगळी आळी खाते. जपानमध्ये २५ डिसेंबरला सुटी नाही. लोक कामावरून सुटल्यावर चर्चला येतात, म्हणून तिथली गर्दी २४ च्या संध्याकाळी असते. फिलिपिन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर रोज पहाटे, पुष्कळ ठिकाणी चारच्या सुमारास, मिस्सा असते. मेक्सिकोत त्याच नऊ दिवसांत रोज रात्री मारिया आणि योसेफ निवारा मागत दारोदार फिरतात, त्याच्या मिरवणुका निघतात. म्हणजे एका ठिकाणी फादर नऊ दिवस तीनला उठतो, दुसऱ्या ठिकाणी नऊ दिवस मध्यरात्री झोपतो. फोन कधी करायचा हे त्यावरून ठरवावे.

ऋतूही तपासावा. मलावी, झांबिया, मोझांबिक या पट्ट्यात नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा असतो. डिसेंबरात कच्चे रस्ते चिखलात जातात, काही उपकेंद्रांना गाडी पोहोचत नाही, आणि तिथला नाताळ पुढेमागे साजरा करावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नवे पीक एप्रिलच्या सुमारास हाती येते, त्यामुळे डिसेंबर ते मार्च कणग्या रिकाम्या असतात. अशा ठिकाणी सणाच्या जेवणासाठी पैसे पाठवायचे असतील तर ते ऑक्टोबरात पोहोचायला हवेत. तेव्हा मका त्या मानाने स्वस्त असतो. २० डिसेंबरला पोहोचलेल्या त्याच रकमेत निम्मी माणसेही जेवत नाहीत, अशी वेळ येऊ शकते.

फोनच्या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे: २४ आणि २५ ला करू नये. २६ किंवा २७ ला करावा, आणि वेळ मिशनऱ्याने ठरवावी. २४ च्या रात्री नेटवर्कवर ताण असतो, वेदीची तयारी चाललेली असते, आणि दोन मिनिटांच्या तुटक बोलण्यात आई रडते. त्यानंतर त्या माणसाला तीनशे लोकांसमोर आनंदाची वार्ता सांगायची असते. २६ च्या दुपारी मात्र चर्च झाडून झालेले असते, पाहुणे परतलेले असतात, अंगातला शीण वर आलेला असतो आणि घर खरोखर आठवते. तो फोन हवा असतो. तासभर बोला, मुलांना बोलू द्या, रोजच्या क्षुल्लक गोष्टी सांगा. २५ ला काही पाठवायचेच असेल तर तीस सेकंदांचा आवाजाचा संदेश पाठवावा. सौर दिव्यावर फोन चार्ज करणाऱ्या ठिकाणी शंभर एमबीचा व्हिडिओ उतरत नाही, उलट महिन्याचा डेटा संपवतो.

वेळेचा हिशेब दर डिसेंबरला नव्याने करावा. न्यूझीलंड, चिली आणि ऑस्ट्रेलियाच्या काही राज्यांत डिसेंबर हा उन्हाळा, तेव्हा घड्याळे एक तास पुढे असतात. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत ती नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत एक तास मागे आलेली असतात. जुलैत पाठ केलेला फरक इथे चुकतो. पॅसिफिकमध्ये तर तारीखच बदलते. सामोआ आणि अमेरिकन सामोआ ही बेटे जवळजवळ, घड्याळातली वेळही एकच, पण मधून तारीखरेषा जाते आणि पूर्ण एका दिवसाचा फरक पडतो. सामोआने २०११ च्या शेवटी ३० डिसेंबर हा दिवसच गाळला, तेव्हापासून हे असे आहे. सामोआतल्या अपियात नाताळ संपत आला की अमेरिकन सामोआतल्या पागो पागोत २४ तारीख संपत आलेली असते.

नियमही विचारून घ्यावेत, कारण ते संस्थेगणिक वेगळे असतात. मॉर्मन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चर्चच्या तरुण मिशनऱ्यांना पूर्वी घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळाला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ पासून त्यांना दर आठवड्याला, त्यांच्या तयारीच्या दिवशी, घरच्यांशी बोलता येते. काही मठांत आगमनकाळात (नाताळाआधीच्या चार आठवड्यांत) फोन कमीत कमी वापरायचा असा दंडक असतो. उत्तर आले नाही म्हणजे काही बिनसले, असा अर्थ काढू नये.

वाईट बातमीचे काय करायचे, हे लोक हमखास विचारतात. मृत्यू झाला असेल तर नाताळ आहे म्हणून दडवू नये. तो नंतर कळला की दुखावलेले मन वर्षानुवर्षे भरत नाही. पण थेट फोन करण्याऐवजी आधी त्याच्या वरिष्ठांना कळवावे, म्हणजे बातमी कानावर पडताना जवळ कोणीतरी असेल आणि मिस्सांची व्यवस्था बदलता येईल. शस्त्रक्रिया किंवा तपासणीचा अहवाल असे काही असेल तर २० च्या आधी किंवा २६ नंतर सांगावे.

ज्या देशांत ख्रिस्ती उपासनेवर निर्बंध आहेत तिथली गोष्ट निराळी, आणि तिथे चूक महागात पडते. तिथला माणूस कागदोपत्री शिक्षक किंवा परिचारक असतो. पाकिटावर नावाआधी "फादर" किंवा "सिस्टर" लिहू नये, फोनवर "किती जण आले, किती बाप्तिस्मे झाले" असे विचारू नये, आणि तिथल्या नाताळाचा फोटो आपल्या पानावर टाकू नये. फोटोत त्याचा चेहरा नसला तरी शेजारी बसलेल्या स्थानिक माणसाचा असतो, आणि त्याला तिथेच राहायचे असते.

आता पार्सल. सगळ्यात जास्त पैसा आणि माया इथे वाया जाते, म्हणून सविस्तर लिहितो.

साध्या टपालाने दूरच्या देशात खोके पोहोचायला चार ते आठ आठवडे धरावेत, म्हणजे ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघाले पाहिजे. समुद्रमार्गे असेल तर सप्टेंबरात. खोक्यावर सीमाशुल्काचा फॉर्म लागतो. कमी किमतीच्या लहान पाकिटाला सीएन २२, मोठ्याला सीएन २३. त्यात नुसते "गिफ्ट" लिहिले की खोके अडकते. प्रत्येक वस्तू, तिची संख्या, वजन आणि किंमत स्वतंत्र लिहावी: सुती रुमाल ४, लोकरीची टोपी १, छापील पुस्तक २. २०२१ च्या सुरुवातीपासून ही माहिती टपाल खात्याने पुढच्या देशाला संगणकावरून आगाऊ कळवायची असते. ती अपुरी असेल तर खोके निघण्याआधीच थांबते किंवा परत येते. किंमत शून्य लिहू नये, संशय येतो. पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवावी, कारण बाहेरचा कागद ओलाव्याने सुटतो. मागोव्याचा क्रमांक तेरा अक्षरांचा असतो: दोन अक्षरे, नऊ अंक, पुन्हा दोन अक्षरे. तो मिशनऱ्याला लगेच कळवावा. तो क्रमांक नसेल तर तिथल्या टपाल कार्यालयात खिडकीवरचा माणूस शोधायलाही उठत नाही.

करमाफीचा नियम नीट समजून घ्यावा, कारण धर्मग्रामांकडून इथेच चूक होते. युरोपीय संघात ४५ युरोपर्यंतची आणि ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतची भेट करातून सुटते, पण ती एका खासगी व्यक्तीने दुसऱ्या खासगी व्यक्तीला पाठवलेली असली तरच. मंडळाच्या नावाने मिशनच्या नावावर चाळीस मुलांचे कपडे एका खोक्यात गेले की ती भेट राहत नाही, तो माल होतो, आणि कर भरायला फादरला बोलावले जाते. बहुतेक वेळा त्याच्याजवळ तेवढे पैसे नसतात. खोके गोदामात पडून राहते, भाडे चढत जाते आणि शेवटी ते परत पाठवले जाते किंवा नष्ट होते. चाळीस मुलांना कपडे द्यायचे असतील तर रक्कम पाठवावी. कपडे तिथल्या शिंप्याकडून शिवून घेता येतात आणि मापही बरोबर बसते.

काय घालू नये: पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या, अत्तर, नखांचे रंग, फवाऱ्याचे डबे, काड्यापेटी, औषधे. गाणे वाजवणाऱ्या शुभेच्छापत्रात बटनाएवढी बॅटरी असते हे लोक विसरतात. दिव्यांची माळ पाठवायची तर त्या देशातला विजेचा दाब विचारावा. जपानमध्ये १०० व्होल्ट आणि अमेरिकेत १२० व्होल्ट असतात, तिथे २३० ची माळ नीट लागतच नाही. उलट १२० ची माळ २३० वर लावली की लगेच जळते. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ टपालाने नेता येत नाहीत. साधा केक, बिस्किटे, चॉकलेट चालते. रममध्ये मुरवलेला केक मुस्लिम देशांत पाठवू नये. उष्ण देशात चॉकलेट पोहोचेपर्यंत त्याचा गोळा होतो.

गोठा पाठवण्याची हौस फार जणांना असते. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने पहिला जिवंत गोठा मांडला तेव्हा गवत, बैल आणि गाढव तिथलेच होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची जैवसुरक्षा तपासणी अतिशय कडक आहे. पेंढा, पाइनची बोंडे, साल न काढलेले लाकूड, बिया किंवा सुकलेली फुले असलेली सजावट तिथे जप्त होते, नाहीतर प्रक्रिया करण्याचा खर्च मागितला जातो. पाठवायचाच तर फक्त बाळ येशूची मूर्ती पाठवावी, मातीची असेल तर भाजलेली आणि रंगवलेली. हात-पाय आधी स्वतंत्र मऊ कागदात गुंडाळावेत, मग सगळी मूर्ती कापडात, आणि ती खोक्याच्या मधोमध ठेवावी. चारही बाजूंनी चार बोटे जागा सोडून ती कागदाच्या बोळ्यांनी घट्ट भरावी. हलवून पाहिल्यावर आत काही वाजले तर पुन्हा भरावे. मूर्ती फुटते ती बहुतेकदा पसरलेल्या हाताच्या मनगटावर. बाकीचा गोठा तिथल्या गवताचा होऊ द्या.

आफ्रिकेतल्या पुष्कळ मिशनांचा पत्ता म्हणजे पोस्ट बॉक्स असतो, घरपोच टपाल नसते. बॉक्स शहरात, मिशन दिवसभराच्या वाटेवर. फादर महिन्यातून एकदा शहरात जात असेल तर तो कधी जाणार हे विचारून त्याआधी पोहोचेल असे पाठवावे. खासगी कुरियर पोस्ट बॉक्सवर सहसा माल देत नाहीत, त्यांना रस्त्याचा पत्ता आणि फोन नंबर लागतो. अशा वेळी धर्मप्रांताच्या (बिशपांच्या) कार्यालयाचा पत्ता विचारून घ्यावा.

हे सगळे वाचून पार्सलच नको असे वाटत असेल तर त्यावर सोपा उपाय आहे, आणि आम्हाला तोच सर्वांत आवडतो: एक सपाट लिफाफा. त्यात घरातल्या प्रत्येकाने हाताने लिहिलेले एक पान, दहा-बारा छापलेले फोटो, लहान मुलाचे एक चित्र. वजन शंभर-दोनशे ग्रॅम. तो पत्र म्हणून जातो, सीमाशुल्काचा फॉर्म लागत नाही, कोणी अडवत नाही. फोटोच्या मागे नाव आणि वर्ष पेन्सिलीने लिहावे, शाई दमट हवेत पसरते.

पैशाबद्दल एक गैरसमज नेहमी होतो. व्रतस्थ फादर आणि सिस्टरांना आलेली रक्कम सहसा संघाच्या सामाईक निधीत जाते. दारिद्र्याच्या व्रताचा तो भाग आहे. "तिला स्वतःला काही घेता आले नाही" म्हणून रागावू नये. एखाद्या ठरावीक कामासाठी द्यायचे असेल तर तसे लेखी, वरिष्ठांच्या नावे कळवावे.

आणि खोके उशिरा पोहोचले तर हळहळू नये. चर्चचा नाताळ २५ ला संपत नाही, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, म्हणजे जानेवारीचा दुसरा आठवडा येतो. उत्सवाची धावपळ ओसरल्यावर, पाहुणे गेल्यावर, पहिल्या वर्षाच्या मिशनऱ्याला खरे रिकामेपण जाणवते ते याच दिवसांत. ८ किंवा १० जानेवारीला मिळालेले पत्र २४ डिसेंबरच्या पत्रापेक्षा जास्त वेळा वाचले जाते. म्हणून दोन लिफाफे करावेत: एक नोव्हेंबरात टाकावा, दुसरा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

संपादक महोदय, आपणास एकच विनंती. नाताळाची पुरवणी आपण डिसेंबरच्या शेवटी काढता. तिच्यासोबत नको, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक छोटी चौकट छापावी: कोणत्या खंडासाठी टपाल कोणत्या तारखेपर्यंत टाकायचे, कोणत्या देशात काय चालत नाही, आणि नाताळ कुठे २५ डिसेंबरला व कुठे जानेवारीत. तारखा टपाल खात्याकडून दरवर्षी नव्याने विचारून घ्याव्या लागतील.

आपले,
परदेशी सेवेतील मिशनऱ्यांच्या कुटुंबीयांना साहाय्य करणारे काही वाचक